गॅरेजमध्ये बायकांचं काय काम?

बचत गटांच्या शिबिरांत आपण काय काय शिकवतो, याची एकदा यादी करून पाहावी. हिशेबाची वही, बँकेचे फॉर्म, ठराव कसा लिहायचा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, रक्तक्षय, गर्भाशयाचे आजार. हे सगळं हवंच. पण गटानं पिठाची गिरणी घेतली, मसाल्याचं कांडप यंत्र घेतलं, टेम्पो घेतला, की ते यंत्र आतून कसं चालतं आणि कशामुळे बंद पडतं हे कुणी कुणाला शिकवत नाही. ‘ते घरचे पुरुष बघतील’ असं म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. माझं मत असं झालं आहे, की बायकांनी पै पै करून उभी केलेली मालकी निम्म्याहून अधिक याच वाटेनं परत पुरुषांच्या हातात जाते.

मी वसई-विरार भागात मच्छी विकणाऱ्या बायकांच्या गटांबरोबर काम करते. अर्नाळ्याच्या बाजूच्या एका गटानं तीन वर्षांपूर्वी जुनी ४०७ घेतली. त्याआधी या बायका भाड्याच्या टेम्पोनं बोरिवली-मालाडकडे माल नेत. पाटीमागे भाडं, शिवाय टेम्पोवाल्याच्या मर्जीनं निघायचं. बाजार चढा असेल त्या दिवशी नेमका टेम्पो उशिरा. आपली गाडी असावी हा विचार बायकांचाच, आणि तो चांगला होता.

गाडी पाहायला मात्र पुरुष गेले. होडीचं इंजिन आपल्याला कळतं, मग टेम्पोचं का नाही कळणार, असा त्यांचा हिशेब. विकणाऱ्यानं इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. एक चक्कर मारली, चहा झाला, व्यवहार ठरला. जुनी डिझेल गाडी घ्यायची तर सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला सांगायचं, ऑइल भरायचं झाकण उघडून आतून धुराचे लोट येतात का ते बघायचं. तसा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. काही दिवस दाट ऑइल घालून हा दोष झाकता येतो. यातलं काहीही त्यांनी पाहिलं नाही. पुरुषांना यंत्रातलं कळतं हे आपण सगळेच धरून चालतो. खरं म्हणजे पुष्कळ पुरुषांना त्यातलं फारसं कळत नसतं. फक्त त्यांना गॅरेजमध्ये उभं राहायला कुणी हरकत घेत नाही, एवढाच फरक.

चौथ्या महिन्यात गाडी महामार्गावर तापून बंद पडली. मागे बर्फात बोंबील आणि कोळंबी. रेडिएटरच्या पाण्याचा रबरी पाइप चिरला होता, पाणी कमी होत गेलं. बर्फ वितळेल म्हणून ड्रायव्हरनं तशीच पुढे दामटली, आणि हेड गॅस्केट गेलं. गाडी ओढून फाट्यावरच्या एका गॅरेजमध्ये टाकली. आठवड्यानं बिल आलं: ‘इंजिन काम, ६२,०००’. एवढीच एक ओळ.

अध्यक्ष मावशी, खजिनदार वहिनी आणि मी अशा तिघी गेलो. मिस्त्री उद्धट नव्हता. खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला आणि म्हणाला, “मौसी, किसी आदमी को भेजो, उसको समझा देंगे.” हिंदीतला आदमी काय आणि मराठीतला माणूस काय, शब्द सगळ्यांसाठी आहे आणि अर्थ फक्त पुरुष. ज्या मावशी कल्ले उचलून मासा किती तासांचा आहे ते सांगतात, लिलावात भल्याभल्यांना गप्प बसवतात, त्या मावशी तिथं पदर सावरून बसून राहिल्या.

मग वहिनींनी एकच मागणी धरली: कुठलं काम, कुठला पार्ट, किती मजुरी हे वेगवेगळं लिहून द्या आणि काढलेले जुने पार्ट दाखवा. बिलात नंतर क्लच प्लेटही निघाली. तापलेल्या इंजिनशी तिचा काय संबंध, असं विचारल्यावर आणि जुनी प्लेट मागितल्यावर ती ओळ खोडली गेली. बाकीचं काम खरं होतं. हेड लेथवर घासून आणलेलं, गॅस्केट नवं, रिंगा नव्या. त्याची मजुरी द्यायलाच हवी होती आणि ती दिली.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे लगेच ‘मिस्त्री म्हणजे लुटारू’ असा सूर लागतो. वालीव, पेल्हार, विरार फाटा या पट्ट्यातले अनेक मिस्त्री परप्रांतातून लहानपणीच आलेले. बारा-तेरा वर्षांचा पोरगा रॉकेलमध्ये पार्ट धुण्यापासून सुरुवात करतो, शिव्या आणि टपल्या खात उस्तादाच्या हाताखाली शिकतो. बालमजुरीच ती, तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण ही विद्या मिळवायची पायवाट एवढीच आहे आणि त्या वाटेवर मुलीला पाऊल ठेवायला जागाच नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा आहेत. तरी पालक आणि कधी कधी आपण कार्यकर्त्यासुद्धा मुलीला शिवण आणि ब्यूटी पार्लरकडेच वळवतो.

खरी गोम वेगळीच आहे. ड्रायव्हर अध्यक्ष मावशींच्या नात्यातला. स्पेअर पार्टचं दुकान आणि गॅरेज ड्रायव्हरला काही टक्के देतात, ही या धंद्यातली उघड रीत. गाडीच्या बिघाडाची बातमीही त्याच्याकडूनच यायची, बिलही त्याच्याच हातून. म्हणजे बायकांच्या गाडीची सगळी माहिती पुरुषांमध्येच फिरत होती आणि बायकांकडे येत होता तो फक्त पैशांचा आकडा. आपण ज्याला सत्तासंबंध म्हणतो, ते मला एखाद्या पुस्तकापेक्षा या एका ओळीच्या बिलात जास्त स्पष्ट दिसले.

कायद्याचं थोडं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर, ज्यानं वस्तूवर मेहनतीचं काम केलं त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून गाडी खोलण्याआधीच काय करायचं आणि अंदाजे किती लागतील हे लिहून घ्यायचं. नंतर भांडायला बसलो तर गाडी त्यांच्या अंगणात आणि हप्ता आपल्या डोक्यावर. ‘धंद्याची गाडी आहे, ग्राहक कोर्टात काही होत नाही’ असंही ऐकवलं जातं. ते सरसकट खरं नाही. फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी कारणासाठी’ घेतलेली धरत नाहीत. समोरचा वकील वाद घालेलच. पण हातात सुटं, तपशिलाचं बिल नसेल तर वाद घालण्याचीही वेळ येत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदीच्या त्या दोन महिन्यांत गाडी उभी आणि बायकांना थोडी सवड. एसटीतून निवृत्त झालेले एक मिस्त्री काका तयार झाले आणि आम्ही गाडीभोवतीच वर्ग घेतला. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर फिल्टर आणि नोझल बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून सारखा पांढरा धूर आणि ऑइल दुधासारखं झालं तर पाणी आत शिरलंय, गाडी चालवू नका. ऑइलची पट्टी रोज पुसून बघायची, पाणी थंड इंजिनातच बघायचं. दुसऱ्या दिवसापासून मावशींचा आवाज परत आला. “म्हणजे कल्लेच बघायचे ना?” असं त्यांनी काकांना विचारलं, आणि काकांनी हो म्हटलं.

एक गोष्ट तर बायकांनीच काकांना शिकवली. मच्छीच्या गाडीत बर्फाचं खारट पाणी फळ्यांतून खाली गळतं. चेसिस, पाटे, ब्रेकचे पाइप, वायरींचे जोड, सगळ्याला गंज चढतो. महामार्गावरचे मिस्त्री जास्त करून रेती-सिमेंटच्या गाड्या बघतात, ते गंजलेला भाग बदलून मोकळे होतात. गटातल्या एका काकींनी सुचवलं, की फळ्यांवर जाड प्लास्टिक अंथरून पाणी एका कोपऱ्यात आणायचं, नळीनं डब्यात सोडायचं, आणि घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची. मिठाशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाच हे सुचणार. गेल्या वर्षभरात ब्रेकचा पाइप एकदाही बदलावा लागलेला नाही.

वर्तमानपत्रं अधूनमधून एखाद्या वेगळ्या बाईचा फोटो छापतात. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकचे टायर खोलणाऱ्या शांती देवी, नंदुरबारला वाढलेल्या आणि कायद्याची पदवी असूनही ट्रक चालवणाऱ्या योगिता रघुवंशी. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ‘पहिली महिला’ म्हणून एकीला हार घातला, की उरलेल्या जणींनी काही शिकायचं कारण उरत नाही, असा या कौतुकाचा परिणाम होतो. आपल्याला हवी आहे ती प्रत्येक गटात चार-पाच जणींना असलेली साधी माहिती आणि गाडीची एक वही: कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, काय बदललं, किती पैसे गेले. गाडीसाठी कर्ज देणाऱ्या बँका आणि योजना विम्याचा कागद मागतात. पैसे देताना आठवड्याचं एक दुरुस्तीचं प्रशिक्षणही त्यांनी जोडून द्यावं, अशी मागणी आपण का करू नये?

गाडी चालवण्याबद्दलही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं, की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, वेगळी नोंद लागत नाही. ४०७ त्यात बसते. गटातल्या एकीच्या सुनेकडे असं लायसन्स आहे, ती सध्या टेम्पोवर हात बसवते आहे. घरात विरोध आहे: पहाटे तीनला बाईमाणूस टेम्पो चालवणार? मैत्रिणींनो, पहाटे तीनला याच बायका त्याच टेम्पोत मागे पाट्यांवर बसून जातातच की. तेव्हा कुणाला काळजी वाटलेली मी पाहिली नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. नात्यातला ड्रायव्हर रागावून सोडून गेला, त्यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. गाडी अजून अध्यक्ष मावशींच्या नवऱ्याच्या नावावर आहे. गटाची नोंदणी नव्हती आणि आरटीओच्या खेपा कोण घालणार, म्हणून तेव्हा तसं केलं होतं. मागे भांडणात ते एकदा म्हणाले, “गाडी माझी आहे, बुकावर नाव बघा.” बुकावर खरंच त्यांचंच नाव आहे, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्यावर येते, हे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पक्कं केलं आहे. हे त्यांना समजावल्यावर ते जरा नरमले. आठ वर्षांवरची गाडी असल्यानं पासिंग दरवर्षी करावं लागतं. पुढचं पासिंग महिनाभरावर आलं आहे. त्याआधी गाडी खजिनदार वहिनींच्या नावावर करायची आणि खर्च-नफ्यात सगळ्यांचा वाटा लेखी करायचा, असा ठराव गटानं केला आहे. नाव बदलाचे फॉर्म २९ आणि ३० वहिनींनी भरून ठेवले आहेत. मावशींच्या नवऱ्यानं त्यावर अजून सही केलेली नाही.