भार वाहणारा अॅटलस

वाचकहो, घरातल्या शाळकरी मुलाचा अॅटलस, म्हणजे नकाशांचे पुस्तक, एकदा मागून घ्या आणि त्यात आपले गोरेगाव शोधा. चटकन सापडेल ते मुंबईचे. गोंदिया जिल्ह्यात एक गोरेगाव आहे, रायगडातही एक आहे. आपले, सेनगाव तालुक्यातले, शोधायला मात्र डोळ्यांत तेल घालावे लागेल. पुस्तक १९९९ पूर्वीचे असेल तर हिंगोली जिल्हाच दिसणार नाही, परभणी दिसेल. नाव एक आणि गावे अनेक! अॅटलस या नावाचेही तसेच आहे, बरे का.

अॅटलस हा ग्रीक लोकांच्या पुराणकथेतला एक दांडगा वीर. देवांशी झालेल्या लढाईत त्याचा पक्ष हरला. देवांचा राजा झ्यूस याने त्याला शिक्षा दिली, की पृथ्वीच्या पश्चिम टोकाला उभे राहायचे आणि आभाळ खांद्यावर तोलून धरायचे. आपल्याकडे शेषाच्या मस्तकावर पृथ्वी, तिकडे अॅटलसच्या खांद्यावर आभाळ!

हे नाव पुढे कुठे कुठे गेले पाहा. मोरोक्को-अल्जीरियातल्या डोंगररांगेला ते मिळाले. अटलांटिक महासागराचे नावही त्याच्यावरूनच आले. मर्केटर या नकाशाकाराने आपल्या ग्रंथाला ते दिले. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५९५ साली प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या रानात वीतभर पंखांचा एक पतंग आढळतो, तोही अॅटलसच. आणि अॅटलस सायकल कोणाला ठाऊक नाही? सोनिपतला १९५१ साली तिचा कारखाना निघाला. मागे दुधाची किटली, पुढे नळीवर पोर, असा संसार तिने वाहिला. साहिबाबादचा तिचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. जुन्या मराठीतले 'अतलस' हे रेशमी कापड मात्र या घराण्यातले नव्हे. तो शब्द अरबीतून आला.

आता सर्वांत जवळचा अॅटलस सांगतो. तो तुमच्याच मानेत आहे. मानेत सात मणके असतात. त्यांतल्या पहिल्यावर डोके टेकलेले असते, म्हणून डॉक्टर त्याला अॅटलस म्हणतात. 'हो' म्हणून मान डोलवता ती त्याच्यामुळे. 'नाही' म्हणताना तो खालच्या मणक्यावर फिरतो. बैलाच्या मानेतही मणके सातच, आणि पहिला अॅटलसच.

बैलाच्या मानेची कदर आपल्याला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, हळद-लोणी चोळतो. पण घरच्या लक्ष्मीच्या मानेचे काय? पाण्याची घागर, चाऱ्याचा भारा, सरपणाची मोळी, सगळे तिच्याच डोक्यावर. चुंबळ डोक्याला टोचू देत नाही, पण मानेवरचा भार काही कमी करत नाही.

तेव्हा एवढे करा. भारा लहान बांधा, एकाऐवजी दोन खेपा होऊ द्या. घागरी सायकलला अडकवा किंवा हातगाड्यावर आणा, आणि ते काम पुरुषांनीही करावे. वाढत्या वयाच्या मुलींच्या डोक्यावर जड ओझे देऊ नका. मान दुखून हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

अॅटलसला ओझे मिळाले ते शिक्षा म्हणून. आपल्या घरातल्या बाईने कोणता गुन्हा केला आहे?