31 टक्क्यांचा हिशेब



घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही वस्तीत बाई कॅन्सरने गेली की लोक म्हणतात, नशीब. या नशिबाचा हिशेब कागदावर मांडलेला आहे. तरुणांनी तो वाचलाच पाहिजे.

1998 मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. वस्त्यांचे 20 गट पाडले. दहा गटांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी झाली, तीही साध्या व्हिनेगरने. बाकीच्या दहा गटांत 76 हजारांवर बायका. त्यांना सुरुवातीला एकदा माहिती दिली, तपासणी नाही. पुढे आजार आणि मृत्यू यांची नोंद तेवढी होत राहिली.

2013 मध्ये निकाल आला: तपासलेल्या गटात या कॅन्सरचा मृत्युदर 31 टक्क्यांनी कमी. जगभर कौतुक झालं. पण हा आकडा उलटा वाचा. तपासलेल्या वस्त्यांत 69 बायका गेल्या असतील, तर तेवढ्याच लोकसंख्येच्या न तपासलेल्या वस्त्यांत 100. मधल्या 31 जणी कोणाच्या आया होत्या?

बचाव ठरलेला: देशात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून 'काहीच न करणं' हाच इथला नेहमीचा उपचार. व्हिनेगरने जीव वाचतात का हे सिद्ध व्हायचं होतं, हेही मान्य. पण पॅप चाचणीने हा रोग आधीच ओळखता येतो, हे जगाला कित्येक दशकं माहीत होतं. सरकारने गरिबाला काही दिलं नाही, म्हणून संशोधकानेही देऊ नये? मग अन्याय हाच मापदंड झाला. पार्ल्याच्या सोसायट्यांत असा 'न तपासलेला गट' कोणी पाडला असता का? 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा भार सरकारनेही उचलावा असं बजावलं होतं. कष्टकरी बाईचं शरीर ही सरकारची जबाबदारी, हा आपला जुना आग्रह आहे.

आणि निकालानंतर काय झालं? 2016 मध्ये केंद्राने तिशीपुढच्या बायकांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयोगटातल्या जेमतेम 1.9 टक्के बायकांची ही तपासणी कधीतरी झालेली निघाली. म्हणजे तेव्हा जवळजवळ सगळा देशच तो दुसरा गट होता.

जयंतीच्या डीजेची वर्गणी जमते तशी दहा रुपयांची माहिती अधिकाराची तिकिटंही जमवा. आपापल्या वॉर्ड ऑफिसला विचारा: आमच्या वॉर्डात गेल्या पाच वर्षांत किती बायकांची तपासणी झाली, कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वस्तीतल्या, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने किती गेल्या?