पडद्यामागचं राहू द्या, आधी पडद्याचं बोला!

गेल्या शनिवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजलेले, मी पुण्यात अजून अंथरुणातच. फोन वाजला. लातूरहून मामा.

"बाळा, दुकानात उभा हाव. हा माणूस म्हणतो आय थ्री हाय, आठ जीबी हाय, बॅग आन् माऊस फुकट. छत्तीस हजार. घेऊ का?"

"मामा, स्क्रीन कसली आहे?"

"पंधरा पॉइंट सहा. लई मोठी हाय."

"इंच नाही हो मामा, रिझोल्यूशन विचारा. एक हजार तीनशे सहासष्ट आहे की एक हजार नऊशे वीस?"

मागून दुकानदाराचा आवाज आला, "साहेब, पोरीला फक्त शिकायलाच लागतो ना? मग चालतंय की!"

झालं. माझी झोप उडाली आणि डोकंही सटकलं. आजचा हा लेख त्या एका 'फक्त'वर.

आधी पार्श्वभूमी. माझ्या मामेबहिणीला नांदेडला, विष्णुपुरीच्या गुरू गोविंदसिंहजी इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटरला ॲडमिशन मिळाली. लातूर पॅटर्नमधून तावून सुलाखून निघालेली पोरगी. मामा शेतकरी, सोयाबीनवाले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे छत्तीस हजारांचा लॅपटॉप झाला पावणेसात क्विंटल सोयाबीन, तेही आडतीवर पूर्ण हमीभाव मिळाला तर. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने सोयाबीनचं काय केलं ते सांगायला नको. तर हा 'स्वस्त' लॅपटॉप कुणासाठी स्वस्त, हा पहिला प्रश्न.

आता साधं गणित करू. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार. जवळपास दुप्पट. तेच साडेदहा लाख ठिपके १५.६ इंचांवर पसरले की एका इंचात जेमतेम १०० ठिपके बसतात. म्हणजे स्क्रीन जितकी 'लई मोठी', तितकी अक्षरं फाटलेली! १०८० वाली घेतली तर इंचाला १४१, आणि १४ इंची घेतली तर १५७. मामा ज्या फोनवर भाव बघतात त्या साध्या फोनचीही स्क्रीन याच्या कितीतरी पुढे असते. २०१३ सालीच ५ इंची फोनवर १०८० आलं होतं. आणि इंजिनिअर होणाऱ्या पोरीला आज ७६८? आता बोला!

"काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांसाठी माझी स्वतःची गोष्ट. मी २०२० चा पास-आउट. कॉलेजची चारही वर्षं माझ्याकडे असाच १५.६ इंची, ७६८ वाला, ४ जीबीचा डबा होता. फायनल इयरला एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट. डावीकडे प्रश्न, उजवीकडे कोड, खाली आउटपुट. माझ्या स्क्रीनवर आउटपुटची पट्टी मावतच नव्हती. झूम कमी केला तर अक्षरांचा चिखल, वाढवला तर प्रश्न गायब. त्या नव्वद मिनिटांत मी कोड कमी लिहिला आणि वर-खाली जास्त केलं. सिलेक्शन झालं नाही. सगळा दोष स्क्रीनचा होता असं म्हणणार नाही (दुसरा प्रश्न मला येतच नव्हता :)). पण शेजारच्या मुलाची आणि माझी परीक्षा एकच नव्हती, एवढं नक्की.

आणि मराठीचं काय? इंग्रजी अक्षर थोडक्या ठिपक्यांत भागतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र गर्दी करतात, खाली उकार लोंबतो, मध्ये 'द्ध' आणि 'द्व' यांची कुस्ती. कमी ठिपक्यांत हे सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणजे मराठी वाचणाऱ्याला चांगल्या स्क्रीनची गरज इंग्रजीवाल्यापेक्षा जास्तच आहे.

गंमत म्हणजे स्वस्त लॅपटॉपला चांगला पडदा देता येतो, हे जगाने कधीच करून दाखवलंय. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' आठवतंय? २००७ साली त्यांचं हिरवं-पांढरं यंत्र आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेतसुद्धा आलं होतं. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झ, मेमरी २५६ एमबी. पण पडदा? साडेसात इंचांत १२०० गुणिले ९००, म्हणजे इंचाला २०० ठिपके, आणि उन्हातही वाचता येणारा. ज्यांनी ते बनवलं त्यांना कळलं होतं की मूल प्रोसेसरकडे बघत नाही, पडद्याकडे बघतं. याउलट २०११ मध्ये आपल्याकडे गाजावाजा करून आलेला 'आकाश' टॅबलेट : सात इंच, ८०० गुणिले ४८०, नखाने दाबावा लागणारा टच. स्वस्त होता, पण त्याचं पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे स्वस्तात काय वाचवायचं आणि काय वाचवायचं नाही, हा अकलेचा प्रश्न आहे, फक्त पैशाचा नाही.

आता प्रोसेसरच्या स्टिकरकडे वळू. 'आय थ्री', 'रायझन फाइव्ह' हे शब्द ऐकून आपण गार होतो. पण रायझन ५ ७५२०यू बघा. २०२२ मध्ये आलेला, नाव ७००० मालिकेतलं, आत मात्र २०१९ ची झेन २ रचना. त्याच ७००० मालिकेतल्या ७५३०यू मध्ये झेन ३. भेद कुठे? तिसऱ्या आकड्यात! २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. हे आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, मामाला कुठून असणार? इंटेलचंही तेच. आय३-एन३०५ मध्ये आठ कोअर आहेत, पण आठही वीज वाचवणारे छोटे कोअर. वाईट आहे असं नाही, पण 'आय थ्री' ऐकून तुम्ही जे समजता ते ते नाही.

मग निवडायचं कसं? माझा नियम एकच : जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा.

एसएसडी नंतर मोठी टाकता येते. रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर रॅम वाढवता येते. प्रोसेसर बदलता येत नाही. पडदा बदलणं तर घराचा पाया बदलण्यासारखं. होतं, पण कुणी करत नाही. आणि दुकानाच्या पाटीवर नेमकं उलटं लिहिलेलं असतं. रॅम आणि एसएसडी ठळक, प्रोसेसर अर्धवट, पडदा गायब!

म्हणून दुकानात उभं राहून या चार गोष्टी करा. एक, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १९२० गुणिले १०८० डोळ्यांनी बघा. एकाच नावाच्या मालिकेत दोन्ही प्रकारचे पडदे विकले जातात, तेव्हा पूर्ण मॉडेल नंबर शेपटासकट बिलावर घ्या. दोन, स्क्रीन मागे-पुढे कलवा. रंग उलटे झाले, चेहरे निळे-काळे पडले तर तो टीएन पॅनेल, आयपीएस मागा. तीन, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे किती स्लॉट वापरलेत ते बघा. रॅम बोर्डावरच चिकटवलेली असेल आणि ८ जीबी असेल, तर ती जन्मभर ८च राहणार. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत, त्यामुळे आज ८ आणि रिकामा स्लॉट हा शहाणा सौदा. चार, वॉरंटीवाला माणूस घरी येतो की लॅपटॉप घेऊन आपल्यालाच बसने दुसऱ्या शहरात जायचंय, ते विचारा.

कुणी म्हणेल, १०८० वर अक्षरं बारीक दिसतात. बरोबर. १४ इंचावर विंडोज बऱ्याचदा स्वतःच १५० टक्के करून देतं. ते १२५ करा : अक्षरंही नीट आणि जागाही ७६८ वाल्यापेक्षा जास्त. कुणी म्हणेल, खोलीवर जुना मॉनिटर जोडता येतो. तेही खरं. पण लॅबमध्ये, लायब्ररीत, लाइट गेल्यावर काय मॉनिटर काखेत घेऊन फिरायचं? आणि कुणी सेकंड-हँड ऑफिस लॅपटॉप सुचवेल. त्याला माझी हरकत नाही, उलट पाठिंबा. फक्त इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या अलीकडचा घेऊ नका, म्हणजे सहावी-सातवी नको. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता आमच्या हिंजवडीच्या मित्रांसाठी दोन शब्द. मी हा विषय ऑफिसात काढला तर एक जण म्हणाला, "सत्तर हजारांखाली काही घेऊच नये रे, कचरा असतो सगळा." वा! क्लायंटने बजेट कापलं की आपण रात्रभर बसून त्यात डिझाइन बसवतो, त्याला 'कन्स्ट्रेंट' म्हणतो. मामाने बजेट सांगितलं की कचरा? दुकानदाराचं "फक्त शिकायलाच" आणि आपलं "कचरा" ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. दोघांनाही त्या पोरीच्या गरजेचा विचार करायचा नाही. आणि शिक्षण हे 'फक्त' कधीपासून झालं हो? दिवसाचे आठ तास चार वर्षं ती ज्या खिडकीतून जगाकडे बघणार, ती खिडकी म्हणजे हा पडदा.

असो. मामा त्या दुकानातून बाहेर पडले (स्क्रीन ७६८ च निघाली). रविवारी बहीण स्वतः नांदेडला गेली, तीन दुकानांत स्क्रीन कलवून बघितल्या, आणि १४ इंची, १०८०, आयपीएस, ८ जीबी अधिक एक रिकामा स्लॉट, असा घेतला. साडेअडतीस हजार. अडीच हजार जास्त, म्हणजे अजून अर्धा क्विंटल.

रात्री मामाचा फोन. मी म्हटलं, "मामा, चांगला घेतला तिने."

"चांगला हाय रे, अक्षर कसं कोरल्यावानी दिसतंय," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "पर बॅग नाही दिली त्यांनी."

बॅग मी पाठवतोय.