‘मार्फत’ : गिरणगावातील एका हरवलेल्या पत्त्याचा शोध

१/ आमचे गाव विंचूर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. या गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले तर साधनांची ददात नाही. विंचूरकर सरदारांचा मोडी पत्रव्यवहार आहे. १७६१ साली पानिपतावर विठ्ठल शिवदेवांनी काय केले, यावर आजही वाद रंगतो. पुण्यातील विंचूरकर वाडा लोकमान्य टिळकांच्या वास्तव्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. याच गावातून माझे पणजोबा मुंबईच्या गिरणीत गेले आणि वीस वर्षे राबले. ते मुंबईत कोठे राहत, हे सांगणारा एकही सरकारी कागद मला मिळाला नाही. आजचा धागा या विषमतेविषयी.

२/ शोधाचे निमित्त झाले माझे आजोबा. वय ८२. आयुष्यात एकदाच, १९५१ च्या उन्हाळ्यात, आठ वर्षांचे असताना ते वडिलांकडे मुंबईला महिनाभर राहिले होते. गेल्या दिवाळीत ते सहज म्हणाले, “तू इतिहास शिकतोस ना? मग दादांची खोली मला एकदा दाखव.” शिवकालीन किल्ल्यांच्या वाटा शोधणाऱ्यांना सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची एक खोली सापडू नये, असे कसे होईल? मी आठवड्याभराची मुदत मागून घेतली. पाच महिने लागले.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्या आणि चाळी एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. तेच गिरणगाव. कोकण आणि घाटावरून माणसे येत राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील दर शंभर माणसांपैकी ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. आमच्याकडच्या माणसाला लासलगाव किंवा निफाडला गाडीत बसले की मुंबई एका रात्रीवर होती.

४/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतरची कथा आपण जाणता. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी मनोरे, एल्फिन्स्टन आणि ज्युपिटरच्या जागी काचेची कार्यालये. पण गिरण्यांची नावे निदान पुस्तकांत टिकली. अडीच लाख माणसे रात्री पाठ कोठे टेकत होती, याची नोंद कोणाकडे आहे?

५/ इंग्लंडमधील १९२१ च्या जनगणनेची घरोघरची पत्रके शंभर वर्षांनंतर, २०२२ साली खुली झाली. मँचेस्टरच्या गिरणीतील विणकराची पणती आज पणजोबांचे नाव टाकून त्यांच्या घराचा क्रमांक काढू शकते. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास बंदी आहे. माहिती देणाऱ्याच्या विश्वासासाठी ती तरतूद रास्तच आहे. पण शंभर वर्षांनीही ते दार उघडत नाही. परिणाम असा, की बाहेरून आलेले ८४ टक्के होते एवढे आपल्याला कळते, त्यांतला आपला कोण ते कळत नाही.

६/ शेवटी पुरावा मुंबईत मिळाला नाही, विंचूरला मिळाला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मनीऑर्डरची ४१ कूपने सापडली. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहत असे. त्यावर पाठविणाऱ्याचे नाव, पत्ता, रक्कम, तारीख आणि दोन-चार ओळींचा मजकूर. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही १९४९ ते १९६७ पर्यंतची ही कूपने तिने दोऱ्यात ओवून ठेवली होती. आमच्या घराण्याचे दफ्तर म्हणावयाचे ते हेच.

७/ पत्ते वाचण्याची एक किल्ली लक्षात ठेवा. जुन्या पत्त्यांत ‘मुंबई १२’, ‘मुंबई १३’ असे टपाल विभागाचे क्रमांक येतात. १९७२ साली पिनकोड आले तेव्हा मुंबईत हेच क्रमांक शेवटच्या दोन अंकांत कायम राहिले. मुंबई १३ म्हणजे आजचा ४०००१३. रस्त्यांची नावे मात्र बदलली. डिलाईल रोड हा ना. म. जोशी मार्ग झाला, आर्थर रोड साने गुरुजी मार्ग, तुळशी पाईप रोड सेनापती बापट मार्ग. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ पासून प्रभादेवी आहे. गिरण्यांचेही तसेच. घरातील वृद्ध ‘जेकब मिल’ म्हणत असतील, तर ती जेकब ससून मिल, म्हणजे नंतरची इंडिया युनायटेड क्रमांक १. नव्या नकाशावर जुने नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

८/ आमच्या कूपनांवर तीन पत्ते निघाले. १९४९ ते १९५२ : डिलाईल रोडवरील एका खानावळीचा. १९५३ ते १९६१ : त्याच रस्त्यावरील एका चाळीतील खोली. १९६२ ते १९६७ : लालबागची दुसरी चाळ. आणि तिन्ही ठिकाणी पणजोबांच्या नावापुढे एकच शब्द, ‘मार्फत’. आधी खानावळवाल्या बाईंच्या मार्फत, मग गावच्या एका गृहस्थांच्या मार्फत, शेवटी एका दूरच्या नातलगाच्या मार्फत. वीस वर्षांच्या मुंबईत त्यांच्या स्वतःच्या नावाचे दार एकदाही नव्हते.

९/ हा अपवाद नव्हता, हीच रीत होती. भाडेपावती एकाच्या नावे असे. खोलीत राहणारे आठ, दहा, कधी वीस. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. वळकटी आणि पत्र्याची ट्रंक एवढीच मालमत्ता. एकाच गावची माणसे मिळून खोली चालवीत, गावाहून नवा पोरगा आला की तो त्याच खोलीत उतरे. म्हणून भाडेपावत्यांवरून गिरणगावचा इतिहास लिहिला, तर एका नावामागची एकोणीस नावे गळतात.

१०/ जन्मदाखल्यांवरही विसंबू नये. मुंबईत कमावणाऱ्याची बायको पुष्कळदा गावीच असे. मुंबईत असलीच तरी बाळंतपणाला माहेरी येई. आमच्या आजोबांच्या पिढीत सर्वांचे जन्म गावाकडचे. ते कागद पाहून कोणी म्हणेल की या घराचा मुंबईशी संबंधच नव्हता. वास्तविक त्या घराची चूल मुंबईच्या पैशावर पेटत होती.

११/ आता खानावळीविषयी. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत जवळपास पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे त्यांना पद्धतशीरपणे कमी करण्यात आले. अनेकींनी आपल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालण्याचा उद्योग धरला. महिन्याचा हिशेब, उधारी, सणाला गोडधोड, आणि गावाकडचे टपालही त्यांच्याच पत्त्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. तोवर त्या कोणत्याही कामगार-नोंदीत नव्हत्या. पण माझ्या पणजोबांचा पहिला पत्ता त्यांतल्याच एकीच्या नावावर आहे.

१२/ ‘गावकीची खोली’ म्हणताना आपण हळवे होतो. तिची दुसरी बाजूही पाहावी. कोण कोणाच्या मार्फत राहणार, हे जात ठरवीत असे. विणकाम खात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तेथे दलित कामगारांना शिरकाव नव्हता; त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आणि वेगळ्या चाळी. परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्या आज आपल्याला माहीत आहेत, कारण तेथे १९१२ ते १९३४ डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. आमच्या शेजारच्या येवल्यात १९३५ साली त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे ही चाळदेखील होती. त्याच मजल्यावरील इतर खोल्यांत कोण होते? तोही इतिहासच आहे.

१३/ शोधाचे पुढे काय झाले, ते सांगतो. आजोबा मुंबईला आले १९५१ साली. म्हणजे खानावळीच्या पत्त्याची वर्षे. ती इमारत उभी आहे. तळमजल्यावर आता मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना खानावळ आठवत होती. “जेवायला इथं, झोपायला मागच्या चाळीत,” असे म्हणून त्यांनी बोट दाखविले. मागे चाळीस मजल्यांचा मनोरा. चाळीचे नाव मी येथे देत नाही. तिच्या रहिवाशांचे वाद अजून मिटलेले नाहीत. जेथे पणजोबा जेवत ती जागा सापडली, जेथे झोपत ती कायमची गेली.

१४/ येथे माझे मत मांडतो. पूर्वजांचा ‘पत्ता’ म्हणजे इमारत, हे गृहीतक आपण वाडेवाल्यांच्या इतिहासातून उचलले आहे. गिरणी कामगाराचा पत्ता इमारत नव्हता, माणूस होता. ‘मार्फत’ ज्याचे नाव येते, तो त्याचा पत्ता. म्हणून चाळ पडली की शोध संपला, असे समजू नका. आणि चाळ उभी आहे म्हणून तो पूर्ण झाला, असेही नाही. आधी माणसांची साखळी शोधा, मग भिंती.

१५/ हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार पात्र धरला जातो आणि ते कागदाने सिद्ध करावे लागते. दीड लाखाहून अधिक अर्ज आले. त्या मानाने मिळालेली घरे फार थोडी. पणजोबा १९६७ मध्ये परतले, त्यामुळे आमचा त्यात दावा नाही. पण बदली कामगार, पोटभाडेकरू, खानावळवाल्या बाया, ज्यांची कहाणी कागदावर कधी आलीच नाही, त्यांचे काय? शहराने आधी नोंद केली नाही आणि नंतर नोंद मागितली.

१६/ यावर आक्षेप येईल : चाळी जपत बसलो तर लोकांनी १६० चौरस फुटांत किती पिढ्या काढायच्या? आक्षेप योग्य आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बी.डी.डी.च्या २०७ चाळी. सामायिक शौचालयासमोर रांग लावणाऱ्याला वारशाचे प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. नवे घर मिळालेच पाहिजे. माझी मागणी वेगळी आहे. पुनर्विकासाआधी पात्रतेसाठी प्रत्येक खोलीची पाहणी होतेच. त्याच वेळी जुन्या भाडेपावत्या, गावमंडळांच्या वह्या, खानावळींचे हिशेब यांच्या प्रती घ्याव्यात आणि खोलीत आधी कोण राहून गेले ते विचारून लिहून ठेवावे. हे सारे राज्य पुराभिलेखागारात जमा व्हावे; हवे तर पन्नास वर्षे बंद ठेवावे. भिंत पाडायला हरकत नाही, तिच्यावरची नावे उतरवून घेतल्यावर पाडा.

१७/ नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावकरांच्या मुलाखतींवर उभा केलेला मौखिक इतिहास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोललेल्यांपैकी कित्येक आज हयात नसतील. विंचूर, येवला, सिन्नर, चांदवड, संगमनेर, जुन्नर, खेड, चिपळूण, कोठेही असा, आपल्या घरात एक पेटी असेलच. कूपने, अंतर्देशीय पत्रे, गिरणीचा पास, कामगार विम्याचे कार्ड. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. मागच्या बाजूचा शिक्काच पुष्कळदा तारीख सांगतो. आणि घरातील वृद्धांना ‘कुठे राहत होते’ एवढेच विचारू नका; ‘कोणाकडे’ राहत होते, कोणाकडे जेवत होते, पत्र कोणाच्या नावावर जात होते, असे विचारा. उत्तरे बदललेली दिसतील.

१८/ मनोऱ्याचे आणि दुकानाचे, अशी दोन छायाचित्रे मी आजोबांना दाखविली. मनोरा त्यांनी बाजूला सारला. दुकानाचे छायाचित्र बराच वेळ हातात धरले. “खोलीत आम्ही झोपायलाच जायचो रे. दादा दिसायचे ते इथं, जेवताना. बाई मला पहिल्या पंगतीला बसवायची, दादांची पाळी सुटेपर्यंत थांबू द्यायची नाही.” मग त्यांनी बाईंचे नाव विचारले, पंच्याहत्तर वर्षांत ते विसरले होते. मी कूपन वाचून दाखविले. आता मे महिन्यात त्यांना घेऊन जाणार आहे. खोली दाखवू शकणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. त्यांना चालेल म्हणाले.