वेगाचा वारसा आणि वडिलांचे पाठबळ

अंबरनाथ, प्रतिनिधी

मोटार शर्यतीत गुणवत्तेइतकेच घराणेही महत्त्वाचे ठरते काय? नरेन कार्तिकेयनचे वडील नामवंत रॅलीपटू. मुलगा २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. २०१० मध्ये त्याने अमेरिकेतील नॅसकारच्या ट्रक मालिकेतही नशीब आजमावले. मुंबईत १९९८ मध्ये जन्मलेल्या जेहान दारूवालाला वारसा लाभला तो उद्योजक वडिलांच्या पाठबळाचा. २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांत तो होता. डिसेंबर २०२० मध्ये साखिर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. तरीही फॉर्म्युला वनच्या शर्यतीचे दार त्याला उघडले नाही.

पाठबळ असूनही ही वाट इतकी बिकट, तर ते नसलेल्यांचे काय? टायर, इंजिन आणि परदेशातील सरावाचा खर्च बालवयातच पालकांवर पडतो. शिवमंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राची नस जाणणारे कामगार आहेत. त्यांच्या मुलांपुढे परवडणारे कार्टिंग प्रशिक्षण व शिष्यवृत्ती यांचा मार्ग खुला झाला नाही, तर हा खेळ मोजक्या घरांचाच राहील.