चूक बोटाची की पडद्याची?



कॉम्प्युटरमधल्या कारभाराबद्दल कापूस-ज्वारीवाल्यांनी बोलावं, हे शहाण्या लोकांना चमत्कारिक वाटेल. वाटू द्या. आपलं पीककर्ज, त्यावरचं व्याज, विम्याचा हप्ता, सातबारावरचा पेरा, हमीभावाच्या कापूस खरेदीची नोंदणी, सगळं आता कुठल्या ना कुठल्या पडद्यावरच्या चौकोनात भरलं जातं. चौकोन चुकला की पैसा चुकतो. मग उत्तर ठरलेलं: 'तुम्हीच चुकीचं भरलं', नाहीतर 'ऑपरेटरची चूक'. आमचं म्हणणं असं, की पुष्कळदा चूक बोटाची नसते, पडद्याची असते. आणि पडदा वाईट का निघतो, याचं उत्तर तो विकत कोण घेतो, यात आहे.

अडाणी शेतकऱ्याला कॉम्प्युटर जमत नाही, असं म्हणणाऱ्यांना आधी न्यूयॉर्कची हकिकत ऐकवू. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना पोचतं करायचं होतं. मुद्दलाची रक्कम बँकेच्याच एका आतल्या खात्यात राहायची होती. बँकेच्या फ्लेक्सक्यूब नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये (याचा जन्म मुंबईतल्या कंपनीतला, बरं का) त्यासाठी त्या आतल्या खात्याचा नंबर तीन चौकोनांत भरावा लागे: 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड'. मुद्दल अडवायचं तर 'प्रिन्सिपल'मध्ये नंबर टाकला की झालं, असं कोणालाही वाटेल. भरणाऱ्यालाही तसंच वाटलं. दुसऱ्याने तपासलं, तिसऱ्याने मंजूर केलं. पहिले दोघे भारतातल्या एका कंत्राटी कंपनीचे, तिसरा बँकेचा अमेरिकेतला वरिष्ठ अधिकारी. पडद्याने शेवटी इशाराही दिला, की पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का? किती पैसे जातील, हे मात्र सांगितलं नाही. व्याज बाहेर जायचंच होतं, तेव्हा 'हो' म्हणण्यात वावगं ते काय? जवळजवळ ९० कोटी डॉलर गेले. त्यातले सुमारे ५० कोटी सावकारांनी परत करायला नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने सावकारांच्या बाजूने निकाल दिला, सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. दोन वर्षं वकिलांची सुगी.

त्याच बँकेत एप्रिल २०२४ मध्ये एका ग्राहकाच्या खात्यात २८० डॉलरऐवजी ८१ लाख कोटी डॉलर जमा झाले. क्वचित वापरायच्या एका पडद्यावर रकमेच्या चौकोनात पंधरा शून्यं आधीच भरलेली येत. ती पुसून मग रक्कम टाकायची. दोघांच्या नजरेतून ते सुटलं. दीड तासाने तिसऱ्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

ही माणसं शिकलेली, पगारी, थंड खोलीत बसलेली. त्यांची ही गत, तर तीन-तीन सोसायट्या एकट्याने सांभाळणारा गटसचिव, मार्चअखेरची गर्दी, मधूनच जाणारी लाइट, आणि पुढ्यात इंग्रजी आद्याक्षरांचे चौकोन, इथे काय होत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. वेळेत भरलेल्या कर्जाची तारीख एक दिवसाने चुकीची पडली तरी व्याजाची सवलत धोक्यात येते. न्यूयॉर्कच्या बँकेला वकील परवडतो. पाच एकर कोरडवाहूवाल्याला तालुक्याच्या चार चकरांचं एसटीचं भाडंही परवडत नाही.

सुतार तिफण करायचा, तेव्हा काय होत होतं ते आठवा. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या उंचीला चाडं आलं नाही, फण खोल लागला, नळी तुंबली, की तिफण त्याच दिवशी सुताराच्या दारात. तोही वावरात येऊन दोन तास बघायचा, पाचर ठोकायचा. कारण त्याचं बलुतं त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावरून जायचं होतं. बलुतेदारीचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत, सुतारही त्यात पिचलाच. पण वापरणारा आणि मोबदला देणारा एकच होता, म्हणून अवजार सुधारत गेलं.

कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोघे वेगळे झाले. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, जबाबदारी नाबार्डकडे. एकसारखा हिशेब व्हावा, याला आमचा विरोध नाही. पण निविदा निघते तेव्हा त्यात काय असतं? अमुक अहवाल निघाला पाहिजे, तमुक तक्ता वर गेला पाहिजे. म्हणजे वरच्याला काय दिसावं, याची यादी. एक भरणा नोंदवायला सचिवाला किती पडदे ओलांडावे लागतात आणि चुकलं तर मागे फिरता येतं का, याची यादी कोण करतो? वाईट निघालं तरी गावची सोसायटी ते टाकून दुसरं घेऊ शकत नाही. दुसरं दुकानच नाही.

सुधारणा करता येत नाही, असं मात्र कोणी सांगू नये. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज सक्तीचा होता. नवरा-बायकोची माहिती, आधार, कर्जखात्यांचा तपशील, म्हणजे जे बँकेच्या वहीत आधीच होतं तेच शेतकऱ्याने रांगेत उभं राहून पुन्हा सांगायचं. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले योजनेत अर्जच ठेवला नाही. बँकेने माहिती द्यायची, यादी गावात लागायची, शेतकऱ्याने आपला क्रमांक आणि आधार घेऊन जायचं, रक्कम बघायची आणि मग अंगठा. रक्कम पटली नाही तर तिथेच तक्रार. कर्जमाफीच्या धोरणावर भांडण वेगळं. पण अंगठ्याच्या आधी रक्कम दाखवायची, ही सिटीबँकेच्या पडद्याला न सुचलेली गोष्ट इथे सुचली होती.

ई-पीक पाहणीचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून पेरा नोंदवायचं काम तलाठ्याकडून आपल्या मोबाइलवर आलं. २०२२ मध्ये ॲपची दुसरी आवृत्ती निघाली, तीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोय मिळाली आणि मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं भरता येऊ लागली. कपाशीत तूर, कडेला ज्वारी, मधे मूग, हे आपल्याकडे आजोबांपासून चालत आलंय. पडद्याला ते कळायला दुसरी आवृत्ती लागली. नेटवर्क नसलेल्या वावरात अजून काय होतं, ते तुम्हीच जाणता.

याला फार मोठी विद्या लागत नाही. जेकब नील्सन या डॅनिश जाणकाराने २००० साली लिहून ठेवलं, की पाच माणसांना वापरायला देऊन नुसतं शेजारी बसून बघा, पडद्याचे बहुतेक दोष सापडतात. पाच! वऱ्हाडातला एक, मराठवाड्यातला एक, खानदेशातला एक सचिव आणि दोन खातेदार बसवायला किती खर्च येतो?

सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. यंदा चहा-चिवड्यावर ती उरकू देऊ नका. ठराव मांडा, की भरणा नोंदवताना पडदा खातेदाराकडे वळवावा. नाव, तारीख आणि रक्कम मराठीत, रक्कम अक्षरी, वाचून दाखवल्याशिवाय नोंद पक्की होऊ नये. पक्की झाली की छापील पावती त्याच वेळी हातात पडावी. आणि दुरुस्ती कोणी, केव्हा केली हे पुसता येऊ नये. सचिवालाही उभं करून विचारा, कोणत्या चौकोनात तो स्वतः अडतो. त्याला आजवर हे कोणी विचारलेलं नाही. ठरावाची नक्कल जिल्हा बँकेला आणि नाबार्डच्या जिल्हा कार्यालयाला पाठवा, पोच घ्या, आणि एक प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला आणा.