उपेक्षित तिसरा पाद

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शौच असावे, अशी त्यांची अपेक्षा. आपल्या चर्चांतून मात्र हा तिसरा पाद उपेक्षितच राहतो.

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीनजीकच्या एका घरी आम्ही तापाचा रुग्ण पाहण्यास गेलो. उशाशी बिननावाच्या पुड्या होत्या. त्यांतील त्रिभुवनकीर्तीची कोणती, हे सुनेस सांगता येईना. ताप उतरेना म्हणून तिने मात्रा दुप्पट केली होती. पुड्या आमच्याच दवाखान्यातील होत्या. दोष तिचा नव्हे, आमचा.

त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ व हिंगूळ आहेत. अशा कल्पाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना कायद्याने बंधनकारक आहे. आपण डबीतील गोळ्या पुडीत बांधतो, तेव्हा ती सूचना डबीवरच राहते. शिवाय भातलावणीच्या दिवसांत कोकणातील तापामागे लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तेथे मात्रा वाढवीत बसणे जिवावर बेतते.

शौचाचेही तेच. बस्तीची नलिका निर्जंतुक न करता पुन्हा वापरणे, एका रुग्णास लावलेली जळू दुसऱ्यास लावणे आज क्षम्य नाही. रक्तावाटे 'ब' प्रकारची कावीळ पसरते.

वैद्यबंधू व औषधविक्रेत्यांनी प्रत्येक पुडीवर नाव, मात्रा, वेळ, अनुपान व तारीख लिहावी आणि परिचारकाकडून ते एकदा वदवून घ्यावे. आम्ही तसा प्रघात सुरू केला आहे. परिचारकास ज्ञान देणे हे वैद्याचेच कर्तव्य होय.